काट्याचे कूळ

डोलवीच्या पोलाद कारखान्यातून कॉइल घेऊन निघणारा ट्रेलर दोन काट्यांच्या साक्षीने रस्त्याला लागतो. एक काटा वजनाचा. त्यावर गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोनदा चढते. दुसरा चालकाच्या डोळ्यांसमोरचा, ब्रेकची हवा आणि इंजिनाचे पाणी सांगणारा. वजनकाट्यावर आता सुई नाही, आकडे उमटतात, तरी ‘गाडी काट्यावर आहे’ हेच बोलणे टिकून आहे. संस्कृत कण्टकापासून निघालेला हा शब्द बाभळीवरून तराजूच्या मध्यावर आला, तिथून घड्याळात आणि घड्याळातून मीटरमध्ये. शब्दाचा हा प्रवास सरळ आहे. वस्तूचा तितका सरळ नाही. कंपनीने दिलेले मीटर काढून, किंवा त्यांच्या शेजारी, बाजारातले वेगळे मीटर बसवणे हा आपल्याकडे हौसेचा, थोडा उधळेपणाचाच प्रकार समजला जातो. काट्याचा पूर्वेतिहास पाहिला की हा समज टिकत नाही, कारण मोटारीत काटा आला तोच बाहेरून.

त्याचे मूळ वाफेच्या बॉयलरमध्ये आहे. १८४९ साली पॅरिसच्या युजीन बूर्दाँने दाबमापकाचे पेटंट घेतले. चपटी केलेली, अर्धवर्तुळात वाकवलेली धातूची नळी आत दाब वाढला की सरळ होऊ पाहते. तिच्या बंद टोकाला जोडलेली यंत्रणा काटा फिरवते. जुन्या यांत्रिक तापमान मीटरमध्येही हीच नळी आहे. इंजिनाच्या पाण्यात बुडालेल्या छोट्या फुग्यातला द्रव तापतो, त्याची वाफ होते आणि केसासारख्या बारीक नळीतून तिचा दाब काट्यापर्यंत पोचतो. तापमान दाखवणारा हा काटा मोजत असतो तो दाबच. वेगाच्या काट्याचे पेटंट स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झेने १९०२ मध्ये घेतले, फिरत्या चुंबकाने धातूची वाटी ओढून घेण्याच्या तत्त्वावर. डॅशबोर्ड तर मुळात घोडागाडीची फळी, घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी. मोटार आली तेव्हा त्या फळीवर फारसे काही नव्हते. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पेट्रोल किती उरले हे टाकीत काठी बुडवून पाहावे लागे. १९१९ मध्ये विजेचा स्टार्टर आल्यावर तिला अॅमीटर मिळाला. पाणी उकळते आहे का हे कळावे म्हणून लोक रेडिएटरच्या झाकणावर बॉइस मोटोमीटर नावाचा तापमापक विकत घेऊन लावत. काचेमागची लाल रेषा सीटवरून दिसे. म्हणजे गाडी एकाची आणि मापक दुसऱ्याचे, ही पहिली रीत होती. पुढे कारखान्यांनी मीटर आपल्या पॅनेलमध्ये घेतले, तरी बनवणारे बहुतेक वेगळेच राहिले. आपल्याकडे कोइमतूरची प्रिकॉल १९७०च्या दशकापासून हेच काम करते. ‘कंपनीचा मीटर’ हा शब्द सोयीचा आहे, इतकेच.

मग बदलायचे कशासाठी? कारण पॅनेलमध्ये गेल्यावर काटा हळूहळू मुका होत गेला. अमेरिकेत १९३०च्या दशकात हडसनने तेलाचा दाब आणि विजेचे चार्जिंग यांच्या काट्यांच्या जागी दिवे आणले. दिवा पेटतो तेव्हा दाब आधीच गेलेला असतो. काटा मात्र तो उतरताना दाखवतो. त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या कोरड्या सरोवरांच्या तळांवर जुन्या फोर्ड पळवणारी पोरे स्टुअर्ट-वॉर्नरचे मीटर बसवत होती, ती या माहितीसाठीच. पुढचा टप्पा मला अधिक खटकतो. माझदाने एमएक्स-५ या गाडीत १९९०च्या दशकाच्या मध्यात तेलदाबाचा खरा मीटर काढला आणि काटा तसाच ठेवून मागे साधा स्विच जोडला. दाब पुरेसा असला की काटा मध्यावर. आजच्या अनेक गाड्यांत तापमानाचा काटाही असाच शिकवलेला असतो: बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात तो जागचा हलत नाही. कंपन्यांचे म्हणणे असे की काटा जरा हलला तरी ग्राहक घाबरून वर्कशॉप गाठतो. शहरात ऑफिसला जाणाऱ्या गाडीपुरते हे मान्य करता येईल. पण पेणहून खोपोलीकडे वळून बोरघाट चढणाऱ्या भरल्या गाडीला पाणी ‘ठीक आहे’ एवढे पुरत नाही, ते गेल्या दहा मिनिटांत किती चढले हे हवे असते. उतारावर तीच गोष्ट हवेची. पुन्हापुन्हा ब्रेक दाबला की टाकीतली हवा खर्च होते, आणि ती भरून येते आहे की नाही हे काट्याच्या चालीवरूनच समजते.

यावर गंभीर आक्षेप प्रमाणाचा आहे: बाहेरचा मीटर खरे सांगतो कशावरून? वेगाच्या बाबतीत हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नाही, आणि जास्त दाखवले तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर एवढ्याच मर्यादेत. गाडीच्या टायरशी न जुळवलेला मीटर हे पाळू शकत नाही, आणि किलोमीटरचा आकडा मागे नेणे ही तर सरळ फसवणूक. पण आक्षेपाचे उत्तर आपल्याच रस्त्यांवर आहे. टॅक्सी-रिक्षाचे भाडेमीटर गाडी बनवणाऱ्या कारखान्यातून येत नाही. जर्मनीच्या ब्रूनने १८९१ मध्ये घडवलेल्या टॅक्सीमीटरचा तो वंशज. मालक तो वेगळा विकत घेतो, वैधमापन विभाग तपासून सील करतो, आणि मग अनोळखी माणसे त्याच्या शब्दावर पैसे मोजतात. विश्वास बसतो तो तपासणीवर. बनवणारा कोण याने फरक पडत नाही. दुसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करू देत नाही. तापमानाचा किंवा तेलदाबाचा जादा काटा त्या तपशिलात कुठेच बसत नाही, असे माझे वाचन आहे.

खरा धोका कारागिरीचा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. यांत्रिक तेलदाब मीटरला इंजिनातले गरम तेल बारीक नळीतून थेट केबिनमध्ये आणावे लागते. नळी घासून फुटली तर ते तेल चालकाच्या पायावर. म्हणून विजेचा सेंडर बरा: तेल इंजिनापाशीच राहते, आत येते ती फक्त तार, तीही फ्यूजमधून. आणि दिवा पेटवणारा कंपनीचा स्विच काढायचा नाही. त्याच्या जागी टी-जोड बसवायचा. एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवा सेंडर. मग काटा दाब उतरताना दाखवतो, आणि नजर रस्त्यावर असताना तो पाहायचा राहिला तरी जुना दिवा पेटतोच.