विवाहविधी आणि वस्त्रविवेक

यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा वस्त्र हाच विषय आमच्या मनात प्रथम आला. ज्या ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या समाजाचे अंग झाकले, त्या आपल्या शिंपी ज्ञातीच्या स्मरणिकेत लग्नातील वस्त्रांचा विचार होणे उचितच आहे. हल्ली लग्नघरांत वस्त्रखरेदीवरून जे वाद माजतात, त्यांत एक वाक्य हटकून ऐकू येते : ‘रूढीच तशी आहे.’ ती रूढी वस्तुतः कशी होती, हे पाहण्याचा हा अल्प यत्न.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ८५ वे सूक्त हे विवाहसूक्त होय. त्यात वधूच्या वस्त्राचा उल्लेख आहे. पारस्कर गृह्यसूत्रात वराने वधूला वस्त्र द्यावे व ते तिने परिधान करावे असा विधी सांगितला आहे. गृह्यसूत्रांत मंगलकार्यासाठी ‘अहत’ वस्त्र सांगितलेले आढळते. अहत म्हणजे कोरे, पूर्वी न वापरलेले. शास्त्राचा कटाक्ष आहे तो या कोरेपणावर. शिवणकाम आपल्याकडे फार उशिरा आले असे कित्येक समजतात, तेही बरोबर नव्हे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील ३२ व्या सूक्तात न तुटणाऱ्या सुईने शिवण्याची प्रार्थना राका देवतेस केलेली आहे. आपले आद्य भूषण संतशिरोमणी नामदेव महाराज यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि त्यांत गज, कातर, सुई व दोरा यांची रूपके आहेत. सारांश, न शिवलेले वस्त्र आणि शिवलेले वस्त्र ही दोन्ही आपल्या परंपरेचीच लेकरे होत.

आता प्रत्यक्ष विधींकडे वळू. विवाह हा केवळ पाहण्याचा सोहळा नसून त्यात वधूवरांना बरेच काही करावे लागते. हळद लागते, कन्यादानाच्या वेळी ओंजळीवर पाण्याची धार पडते, पाटावर मांडी घालून दीर्घकाळ बसावे लागते, लाजाहोमात भावाने ओंजळीत घातलेल्या लाह्या वधूला वाकून अग्नीत सोडाव्या लागतात, अश्मारोहणात तिला पाषाणावर पाय ठेवावा लागतो, आणि मग सप्तपदी. जुनी वस्त्रे या प्रत्येक कृतीस कशी अनुकूल होती ते पाहावे. अष्टपुत्री हे वधूवस्त्र पिवळेच असल्याने त्यावर हळदीचा डाग डाग वाटत नसे. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. परंतु कासोटा घातल्याने ते पायांत अडखळत नसे व मांडी घालून बसता येई. चोळीची बाही दंडालगत घट्ट असल्याने पाण्याने भिजून लोंबत नसे, ज्वालेजवळही जात नसे. मऊ शेला व उपरणे यांची गाठ पक्की बसे. सोवळ्यास रेशीम किंवा लोकरीची धाबळी चाले. या दोन्ही वस्तू सुती कापडाप्रमाणे भराभर पेटत नाहीत. पूर्वजांनी हाच हेतू धरून नियम केला असे आमचे म्हणणे नाही. पण उपयोग मात्र हा झाला.

आपल्या ज्ञातीच्या हातची कामेही अशीच सोयीची होती. खणाची चोळी पुढे गाठ मारून बसवीत ; अंग भरले वा उतरले तरी गाठ सैल-घट्ट करता येई. वराच्या बाराबंदीस गुंड्या नसून बारा बंद असत, त्याचेही कारण हेच. शिवणीत जे जास्तीचे कापड आत राखतात, त्याला आपले वाडवडील ‘माया’ म्हणत. ‘लग्नाच्या कापडात माया सोड, ते एका दिवसाचे नव्हे,’ असे आमचे वडील शागिर्दांस बजावीत. आईचे लुगडे लेकीला आणि लेकीचे सुनेला नेसता येई. अखेरीस त्याचीच गोधडी होऊन नातवंडांच्या अंगावर पडे.

ही वस्त्रे कालमानाप्रमाणे बदलतही गेली. सिंगरने १८५१ मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढे ते यंत्र आपल्याकडे आले आणि आपल्या धंद्याचे रूप पालटले. बाराबंदी जाऊन कोट आला, पगडी जाऊन टोपी आली, नऊवारीच्या जागी गोल साडी आली. प्रत्येक वेळी वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली, आणि प्रत्येक वेळी धर्म जागच्या जागी राहिला. तेव्हा बदल हा दोष नव्हे. पूर्वीचे बदल बहुधा अंगाच्या सोयीसाठी झाले, हल्लीचे छायाचित्रासाठी होत आहेत, हे आमच्या दुःखाचे कारण आहे.

येथे एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या निकटच्या आप्तांकडे विवाह होता. वधूच्या खांद्यावर कृत्रिम धाग्याच्या जाळीची लांब ओढणी होती. लाह्या सोडण्यास ती वाकली आणि ओढणीचा पदर ज्वालेत गेला. नायलॉन, पॉलिएस्टर ही कापडे जळताना वितळतात व त्वचेला चिकटतात. कोणी प्रसंगावधानाने घागरभर पाणी ओतले म्हणून निभावले. तरी त्या मुलीने सप्तपदी घातली ती हाताला पट्टी बांधूनच. ती ओढणी दुकानात पसंत करताना आम्हीही हजर होतो. ‘छान शोभते’ असे आम्हीच म्हणालो होतो. शिंप्याच्या पोटी जन्मून आम्ही कापड बोटांनी चाचपून पाहिले नाही, ही खंत अजून जात नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र सूचना एवढीच. होमाजवळ बसताना वस्त्र रेशमी असावे किंवा जाड विणीचे सुती असावे, पदर खोचलेला असावा, बाही आखूड असावी. झगमगीत वस्त्र ज्यांना हौसेने घालावयाचे असेल, त्यांनी ते विधी आटोपल्यावर, स्वागतसमारंभास खुशाल घालावे. वैशाखातील लग्नात वरास जड शेरवानीत घामाघूम करू नये. शिवलेली नऊवारी घेण्यासही हरकत नाही, तीही आपल्याच हातची विद्या आहे ; मात्र तिच्या शिवणीत माया राखून घ्यावी, म्हणजे पुढे धाकट्या बहिणीलाही ती होईल. आणि एका दिवसाच्या पोशाखासाठी वधूपित्याने कर्ज काढावे, असे तर कोणत्याच सूत्रात आमच्या वाचनात आलेले नाही.

रूढीचे नाव घेऊन जे मागितले जाते ते खरोखर रूढीचे आहे काय, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे. कापड कोरे असावे, अंगाला सोसावे आणि पुढेही उपयोगी पडावे, एवढेच आपल्या वाडवडिलांचे मागणे होते. अस्तु.