समान चढामागचे गृहीतक

दोन रेषांचे चढ समान असतील तर त्या समांतर असतात, हे आपण फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी ते पाठ करतात. या साध्या ओळीमागे दोन हजार वर्षांचा शोध आहे.

इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने पाच गृहीतके मांडली. त्यांतले पाचवे समांतर रेषांविषयीचे. १७९५ साली स्कॉटलंडच्या जॉन प्लेफेअरने त्याचे सोपे रूप रूढ केले: रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते. हे गृहीतक इतर चारांइतके उघड वाटेना. म्हणून त्या चारांवरून ते सिद्ध करण्याची धडपड शतकानुशतके चालली.

दरम्यान १६३७ साली देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ निघाला. त्याच सुमारास फर्माने दाखवले की, एकघाती समीकरण सरळ रेषा दर्शवते.

आता य = २क्ष + १ आणि य = २क्ष + ४ या रेषा पाहा. दोहोंचा चढ २. य-अक्षावरील आंतरछेद १ आणि ४. क्ष कोणताही घ्या, दुसरी रेषा ३ एककांनी वरच राहते. त्या छेदतात म्हणावे, तर १ = ४ मानावे लागेल. (३, ११) या बिंदूतून याच चढाची रेषा हवी असेल, तर ११ = २ × ३ + क, म्हणून क = ५. दुसरे उत्तर नाही. त्या बिंदूतून जाणारी अन्य कोणतीही रेषा मूळ रेषांना कोठेतरी छेदणारच.

एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, "सर, म्हणजे पाचवे गृहीतक सिद्ध झाले?"

नाही. रेषेचा चढ सगळीकडे सारखाच असतो, हे कशावरून? रेषेवर लहानमोठे काटकोन त्रिकोण काढले, तरी उभ्या व आडव्या अंतरांचे गुणोत्तर बदलत नाही, कारण ते त्रिकोण समरूप असतात. पण इंग्लंडच्या जॉन वॉलिसने १६६३ सालीच दाखवले होते की, लहानमोठे समरूप त्रिकोण असतात एवढे मानले, की पाचवे गृहीतक त्यातूनच निघते. जे सिद्ध करायचे, ते आपण आलेखाच्या कागदाबरोबरच घरी आणलेले असते!

पुढे लोबाचेव्हस्कीने १८२९ साली आणि बोल्याईने १८३२ साली हे गृहीतक सोडून वेगळी भूमिती प्रसिद्ध केली. तेथे बाहेरच्या बिंदूतून मूळ रेषेला न छेदणाऱ्या अनेक रेषा जातात.

म्हणून चढ शिकवताना एकाच रेषेवर दोन त्रिकोण अवश्य काढून घ्यावेत. नियम तेथून सुरू होतो.