स्थलनामे, जुन्या जनगणनेतील
जुन्या जनगणना-अहवालांत व तत्सम सरकारी दप्तरांत रोमन लिपीत आलेल्या गावांची मूळ नावे व स्थाने ओळखण्याची पद्धती. पूर्वजांच्या गावाचा शोध घेताना ती उपयोगी पडते. पुणे जिल्ह्यातील माण (ता. मुळशी) हे गाव तिच्यातील अडचणींचे बोलके उदाहरण होय.

मुंबई इलाख्यात १८७२ मध्ये व सर्व देशात एकाच वेळी अशी १८८१ मध्ये जनगणना झाली. हंटर यांच्या लिप्यंतर पद्धतीत दीर्घ स्वर चिन्हांनी दाखविले जात; मूर्धन्य व्यंजने मात्र दंत्य व्यंजनांहून वेगळी दाखविली जात नसत. परंतु छपाईत ही चिन्हे पुष्कळदा गळत. त्यामुळे ‘माण’, ‘मान’ व ‘मन’ या तिन्ही शब्दांना एकच तीन-अक्षरी रूप येते. सातारा जिल्ह्यात माण नदीवरून नाव पडलेला माण तालुका असून त्याचे मुख्य ठाणे दहिवडी आहे. म्हणून हे रूप तालुक्याच्या रकान्यात असल्यास साताऱ्याचा, तर गावाच्या रकान्यात असल्यास मुळशीतील माणचा विचार प्रथम करावा लागतो.

सीमाबदलही ध्यानात घ्यावे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळशी हा हवेली तालुक्याचा पेटा होता. तेव्हा ‘हवेली’ अशी नोंद असलेले गाव आज मुळशीत असू शकते. भीमथडी तालुक्याचे तर नावच उरलेले नाही.

गणनेची मूळ घरपत्रके सामान्यतः जतन केली गेली नाहीत. छापील कोष्टकांत व्यक्तींची नावे नसतात. साहजिकच अन्य दप्तरांचा आधार घ्यावा लागतो. १८३४–१९१० या काळात सु. साडेचार लाख भारतीय मजूर मॉरिशसला गेले. त्यांत मराठी भाषिकही होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या स्थलांतरितांच्या नोंदवह्यांत जिल्हा, परगणा व गाव आढळतात. परक्या कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले हे नाव मोठ्याने उच्चारून, मग जिल्ह्याच्या ग्रामसूचीशी ताडून पाहणे हितावह ठरते.

ओळख पटली, तरी गाव जागेवर असेलच असे नाही. मुळशी धरणाविरुद्ध १९२१–२४ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह होऊनही खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. माण मात्र टिकले. हिंजवडीलगतच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा विस्तार त्याच्या शिवारात झाला आहे. बुडालेल्या गावांच्या बाबतीत जुन्या ग्रामसूचीतील एक ओळही वंशजांना मोलाची ठरते.