रायगड किनाऱ्यावरील वाकळ : लिखित साधनांबाहेरचा वस्त्रेतिहास

कोकणच्या इतिहासलेखनात चौल, जंजिरा, कुलाबा ही नावे प्रामुख्याने बंदरे, किल्ले व आरमार यांच्या अनुषंगाने येतात. वस्त्राचा उल्लेख आला तरी तो व्यापारी मालाचा असतो. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून घरच्या स्त्रियांनी शिवलेली वाकळ अथवा गोधडी या इतिहासात क्वचितच दिसते. ती का दिसत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चौलची वस्त्रपरंपरा जुनी आहे. ‘पेरिप्लस’मधील सेमिल्ला आणि कान्हेरीच्या शिलालेखांतील चेमुल म्हणजे हेच बंदर, असे मानले जाते. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये येथे ठाणे उभारले व १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोतेनने चौलच्या रेशमी विणकामाची दखल घेतली आहे. त्याच शतकाच्या आरंभी बार्बोसाने खंबायतच्या सुबक रजयांचे वर्णन केले, तर बंगालमध्ये पोर्तुगीज ग्राहकांसाठी भरतकामाच्या रजया तयार होत. म्हणजे शिवलेले पांघरूण युरोपीय प्रवाशांना अपरिचित नव्हते. परंतु जे विकले गेले तेच नोंदले गेले. वाकळ बाजारात आली नाही, तिच्यावर जकात बसली नाही, म्हणून दप्तरातही ती आली नाही.

दुसरे कारण वस्तूच्या स्वरूपातच आहे. लुगडे फाटले की दंड घालून ते पुन्हा नेसावयाचे. तेही विरले की त्याचे बाळासाठी दुपटे करावयाचे किंवा ते वाकळीच्या थरात घालावयाचे. भातशेतीची कामे नसताना, पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत, धुतलेले कापड जमिनीवर ताणून पसरले जाई आणि कडेकडून आत येत धावदोऱ्याच्या ओळी घातल्या जात. वरचा थर फाटला की त्यावर ठिगळ. झिजेपर्यंत वापरणे हाच जिचा हेतू, ती वस्तू वस्तुसंग्रहालयात पोहोचणार कशी? त्यातच किनाऱ्याची दमट हवा.

मुंबईत १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे कोकणातील असंख्य माणसे गिरण्यांत गेली. गिरणीच्या कापडामुळे हातमाग मागे पडला, हे आपण नेहमी सांगतो. मात्र त्याच स्वस्त सुती कापडाने सामान्य घरातील वाकळीचे थर वाढविले असावेत, असा तर्क करण्यास जागा आहे. तसे असल्यास ‘पारंपरिक’ म्हणून आज दाखविली जाणारी वाकळ बऱ्याच अंशी गिरणीयुगाची निर्मिती ठरते. परंपरेच्या अभिमान्यांना हे रुचणार नाही.

येथे आणखी एका मोहापासून सावध राहावयास हवे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या ‘कवंदी’ गोधड्यांना अलीकडे जागतिक प्रसिद्धी मिळाली आहे. मुरुड-जंजिऱ्यावर १९४८ पर्यंत सिद्दी नबाबांचे राज्य होते, म्हणून या दोहोंचा धागा जुळविणे सोपे वाटते. परंतु उत्तर कन्नडमधील सिद्दींचा संबंध मुख्यतः पोर्तुगीज गोव्यातील गुलामगिरीशी जोडला जातो, जंजिऱ्याच्या दरबाराशी नव्हे. केवळ समान नामाभिधानावरून रायगडच्या वाकळीला आफ्रिकी वारसा बहाल करणे योग्य नव्हे.

नऊवारी सुती लुगड्याचा रोजचा वापर सरला आणि वाकळीचा कच्चा मालच आटला. कृत्रिम धाग्याची साडी टिकते खरी, पण ती घाम शोषत नाही आणि शिवताना थर सरकतात. आता बचत गटांतील स्त्रिया नवे कापड घेऊन, पुष्कळदा यंत्रावर, विक्रीसाठी गोधड्या शिवतात. यास ऱ्हास म्हणण्याचे कारण नाही. या श्रमाला प्रथमच किंमत लावली जात आहे. ती किंमत घातलेल्या तासांच्या मानाने अपुरी पडते, हा खरा प्रश्न आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग या तालुक्यांतील असंख्य घरांची छपरे उडविली आणि आतील कपडालत्ता भिजला. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी उरलेल्या वाकळींची नोंद करावयाची ठरविल्यास थरांची संख्या, काठांचे प्रकार, कापडावरील गिरणीचा शिक्का आणि ठिगळांचा क्रम एवढे तरी टिपता येईल. कोणता थर कोणाच्या लुगड्याचा, हे मात्र घरातील वृद्ध स्त्रियांनाच विचारावे लागेल.