रस्ता मोकळा करणारा सैनिक



महामार्गाच्या एखाद्या टप्प्यास सैनिकाचे नाव देण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने २००७ साली ट्रेन्टन ते टोरांटो या टप्प्यास ‘वीरांचा महामार्ग’ असे नाव दिले. त्यास सबळ कारण होते. अफगाणिस्तानात कामी आलेल्या सैनिकांच्या शवपेटिका याच रस्त्याने नेल्या जात, आणि वाटेतील पुलांवर माणसे निःशब्द उभी राहत. तेथे नाव आणि रस्ता यांचा सांधा जुळला होता. आपल्याकडे तो क्वचितच जुळतो. फलकाचे अनावरण होते, हारतुरे होतात, आणि लोक पूर्वीच्याच नावाने रस्ता विचारत राहतात.

असा सांधा ज्यांच्या बाबतीत आपोआप जुळावा, असे एक नाव आपल्याच परिसरातले आहे. रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. जन्म २६ जून १९१८, वडील पोलीस शिपाई. १९४० साली ते बॉम्बे सॅपर्समध्ये, जुन्या भाषेत सफरमैनांच्या पलटणीत, भरती झाले आणि ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना अधिकारपद मिळाले. त्यानंतर चारच महिन्यांनी त्यांच्यावर जे काम आले, ते लढाईचे म्हणावे की रस्तेबांधणीचे, हे ठरविणे कठीण आहे.

राजौरी शत्रूच्या हाती होती. नौशेऱ्याहून तिकडे जाणारा रस्ता सुरुंग पेरून, झाडे आडवी टाकून आणि बांध उडवून बंद केलेला होता. रणगाड्यांना पुढे जाण्यास दुसरी वाट नव्हती. ८ एप्रिल १९४८ रोजी सव्विसाव्या मैलाजवळ राण्यांच्या तुकडीने सुरुंग काढण्यास आरंभ करताच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले, राण्यांसह पाच जखमी झाले. तरीही काम थांबले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रणगाडे पुढे निघाले. १० तारखेस पहाटे पावणेपाचला त्यांनी पाच मोठ्या पाइन वृक्षांच्या अडथळ्यास हात घातला. त्याभोवती सुरुंग होते आणि वरून मशीनगनचा पहारा. साडेसहाला रस्ता खुला झाला. पुढे हजार यार्डांपर्यंत असेच अडथळे. रणगाडे त्या दुपारी चिंगसला पोचले, तथापि राणे मागे राहून, अन्न व विश्रांतीवाचून, रात्री नऊपर्यंत रस्ता दुरुस्त करीत होते. कारण रणगाड्यांमागून शिधा आणि दारूगोळा यावयाचा होता. मला त्यांच्या पराक्रमातील हा भाग सर्वांत थोर वाटतो. ११ तारखेस सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता वाहतुकीस खुला झाला आणि १२ रोजी राजौरी मुक्त झाली.

चिंगस हे मोगल काळातील सराईचे ठिकाण. काश्मीरहून परतताना वाटेत मृत्यू पावलेल्या जहांगीराची आतडी तेथे पुरल्याची परंपरा आहे. बादशहाच्या त्या खुणेची दखल प्रवासवर्णनांतून सहज घेतली जाते.

राण्यांना परमवीरचक्र मिळाले. ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात निवर्तले. २००६ साली कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला, २०२३ साली अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव मिळाले. पुतळा योग्यच. बेटाविषयी मात्र माझे मन साशंक आहे, कारण या माणसाचा समुद्राशी संबंध बालपणापुरता होता आणि रस्त्याशी आयुष्यभराचा.

मला विचाराल तर मी दोन टप्पे सुचवीन. एक नौशेरा ते चिंगस, आणि दुसरा कारवार ते चेंडिये. या दुसऱ्या रस्त्याचा क्रमांक पूर्वी १७ होता, २०१० च्या फेररचनेत तो ६६ झाला; क्रमांक असे बदलत राहतात. फलकावर पद, नाव आणि पदक एवढेच असू नये. कोणत्या तारखांना, किती तास, काय केले, हे मराठीत, कोकणीत आणि कन्नडमध्ये लिहावे. आणखी एक आग्रह आहे. राण्यांच्या मानपत्रात त्या दोन मृत जवानांची केवळ संख्या येते. पलटणीचे केंद्र खडकीस आहे. तेथील दप्तरातून त्यांची नावे मागवून घ्यावीत, आणि ती त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, राण्यांच्या नावाखाली कोरावीत.