खाजकुयरीची कुळकथा

इंग्रजी कोशात ‘काउहेज’ असा एक शब्द आढळतो. त्याचा गाईशी काही संबंध नाही आणि कुंपणाशीही नाही. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांच्या कानी पडलेला हा हिंदी ‘केवाँच’ होय. मूळ उच्चार जिभेवर बसेना, तेव्हा त्यांनी त्यास आपल्या ओळखीच्या शब्दांचे रूप दिले. जबलपुराहून कुंडमकडे जाणाऱ्या रस्त्याने मार्गशीर्ष-पौषात गेले असता झुडपांवर चढलेल्या या केवाँचाच्या वेली दिसतात. शेंग बोटभर लांब, दोन्ही टोकांस उलटसुलट वळलेली, आणि तिच्यावर सोनेरी-तपकिरी मखमल. ही मखमल हाताळण्याचा मोह ज्यास झाला तो जन्मभर ती विसरत नाही. आम्हां मराठी मंडळींची ती खाजकुयरी. कोणी तीस कुहिलीही म्हणतात. मास्तरांच्या खुर्चीवर तिची लव टाकण्याचे पराक्रम आमच्या शाळेत इतरांनी केले. आम्ही केवळ साक्षीदार होतो. तिची खरी ओळख आम्हांस नोकरीनिमित्त जबलपुरास आल्यावर, तिशी उलटल्यावर झाली.

कचेरीतील चौघेजण एका सुटीस आम्ही हिरण नदीचा उगम पाहावयास कुंडमला गेलो होतो. वाटेत एक शेंग आम्ही रुमालात धरून तोडली. रुमालाचा काही उपयोग होत नाही, हे दोन मिनिटांत कळले. मनगटापासून कोपरापर्यंत जणू निखारे पसरले, आणि खाजवावे तो आग वाढत जाई. बाजारात जडीबुटी विकीत बसलेल्या एका गोंड म्हातारीने आमचा हात ओढून त्यावर कोरडी राख चोळली, ती झटकली, पुन्हा चोळली, आणि ‘पानी मत लगाना, भैया’ असे बजावले. तिच्यासमोरच्या फडक्यावर त्याच केवाँचाचे काळेभोर, चकचकीत बी मांडलेले होते. जिच्या लवेने आमची ही दशा केली, तिचेच बी दुधात शिजवून खावयाचे असते, ही माहितीही तिनेच दिली.

आमचे जे स्नेही देहरादून वा अल्मोड्याच्या बाजूस नेमणुकीवर आहेत त्यांस यात नवल वाटणार नाही. तिकडे बिच्छू घास म्हणजे कंडाली चिमट्याने खुडतात, उकळतात आणि तिचे साग भाताबरोबर खातात. त्या गवताच्या केसांत हिस्टामिनादी द्रव्ये भरलेली असतात. केस मोडला की ती कातडीत टोचली जातात. उकळत्या पाण्यात केस लुळे पडले की भाजी निर्धोक होते. खाजकुयरीची गोष्ट निराळी आहे. तिच्या लवेत म्यूक्यूनेन नावाचे, प्रथिने तोडणारे एक द्रव्य असते. शेली आणि आर्थर या अमेरिकन संशोधकांनी १९५५ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि ही खाज हिस्टामिनाच्या वाटेने जात नसल्यामुळे पित्त उठल्यावर घेतात त्या गोळ्या तिच्यावर चालत नाहीत, असे दिसून आले. २००८ साली हे द्रव्य कातडीतील कोणत्या ग्राहकांना चेतविते तेही उलगडले. आमच्या कचेरीतील एका सद्गृहस्थांनी त्या दिवशी तीच गोळी आम्हांस दिली होती. गुण आला तो राखेने, किंवा कदाचित वेळेने.

पण लव ही या वनस्पतीची केवळ तटबंदी आहे. तिच्या पोटात जे आहे ते अधिक विचार करण्याजोगे.

संस्कृतात हिला कपिकच्छू म्हणतात, म्हणजे माकडासही खाज आणणारी. मर्कटी आणि शूकशिंबी हीही तिचीच नावे. आम्हांस मात्र आत्मगुप्ता हे नाव सर्वांत आवडते: जिने स्वतःचे रक्षण स्वतःच केले आहे अशी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा मोठा अध्याय आहे. त्यातील शमीधान्यांच्या, म्हणजे कडधान्यांच्या वर्गात आत्मगुप्तेचे नाव आले असून, तिचे फळ उडदाप्रमाणे समजावे असा निर्वाळा दिला आहे. मूग, मसूर, तूर यांच्या पंक्तीस हे रानबी बसविले गेले, याचा अर्थ ग्रंथकारास ती खाण्याची वस्तू म्हणून ठाऊक होती. पुढे बल्य व वाजीकरण योगांत तिचा भरपूर उपयोग झाला, आणि पक्षाघातादी वातविकारांवरील माषबलादि काढ्यातही ती आहे. ‘हजारो वर्षांपूर्वी आमच्या ऋषींनी पार्किन्सनचा रोग हिनेच बरा केला’ असे हल्ली डब्यांवर छापतात, ते मात्र आम्हांस पटत नाही. ग्रंथांत जे आहे तेवढे पुष्कळ आहे. त्यात आपल्या पदरची भर कशासाठी?

मलबारात डच अंमलदार व्हान ऱ्हीड याने ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला, त्यात ही वेल मल्याळी नायकुरण नावाने आली. लिनियसने तिचे जे नाव ठेवले त्यातील ‘प्रुरिएन्स’ म्हणजे खाजणारी. वेस्ट इंडीजमध्ये शेंगेची लव काकवीत खरवडून ते चाटण जंतांवर देत. लंडनच्या विल्यम चेंबरलेन नावाच्या शस्त्रवैद्याने १७८४ साली या उपचारावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. जी लव कातडीला सोसवत नाही ती मुलांच्या पोटात काकवीबरोबर जाई, हे वाचून आमच्या मनगटास पुन्हा खाज सुटली.

आता जबलपूरकडे वळतो. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपविले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १८१७च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. त्याच १८१७ साली लंडनमध्ये जेम्स पार्किन्सन या वैद्याने कंपवातावर आपला छोटा निबंध छापला. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण सालांची टिपणे करीत असता त्या एकाच ओळीत येऊन बसल्या, आणि पुढील मजकूर त्यामुळेच सुचला.

इंग्रजी अंमलाच्या आरंभी जबलपूर-सागर भागात नोकरी केलेला स्लीमन हा ठगांच्या बंदोबस्ताकरिता प्रसिद्ध आहे; कटनीजवळचे स्लीमनाबाद त्याच्याच नावाचे. परंतु १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात ठगांहून भयंकर अशी एक नोंद आहे. १८२९ साली गारपिटीने सागरकडच्या काही खेड्यांतील गहू गेला, १८३० साली पावसाने दगा दिला, १८३१ साली पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षे तगून राहिला तो फक्त तिवडा, म्हणजे लाखेची डाळ. लोकांनी तोच खाल्ला. पुढे १८३३च्या सुमारास तिशीच्या आतील कितीतरी माणसांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. यात अज्ञानापेक्षा निरुपायच अधिक होता. तिवड्यातील विषारी आम्ल पुष्कळ पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी टाकून दिल्याने बरेचसे निघून जाते, हे आज सिद्ध आहे. पण ज्याच्या घरी दुसरा दाणा नाही त्याने रोज तीच डाळ खावयाची, आणि दुष्काळात पाणी तरी टाकावयाचे कोठून?

टाकून दिलेल्या या पाण्याचा विचार खाजकुयरीच्या बाबतीत तर फारच महत्त्वाचा आहे. दक्षिणेतील कणिक्कर या डोंगरी लोकांत हे बी शिजविताना सात वेळा उकळून सात वेळा पाणी ओततात. दर पाण्याबरोबर काय जाते, याचे उत्तर १९३७ साली मिळाले. मद्रास विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा हे द्रव्य वेगळे काढले. ते १९१३ मध्ये युरोपात बाकला शेंगेतून निघालेच होते. परंतु खाजकुयरीत त्याचा साठा विलक्षण, वजनाच्या शेकडा तीन ते सहा भागांपर्यंत. त्या वेळी त्याचा उपयोग कोणासच ठाऊक नव्हता. १९५७ साली स्वीडनमध्ये कार्लसन याने सशांना रिसर्पिन देऊन निश्चल केले, आणि डोपा टोचताच ते ससे पुन्हा हिंडू लागले. (हे रिसर्पिन आमच्याच सर्पगंधेतले, म्हणजे झोपविणारी आणि उठविणारी अशा दोन्ही द्रव्यांचे माहेर हिंदुस्थानच्या रानात!) १९६७ साली अमेरिकेत कोट्झियस याने मोठ्या मात्रेने हे औषध कंपवाताच्या रोग्यांस दिले, आणि खिळून बसलेली माणसे चालू लागली.

यानंतर मुंबईचे वैद्य आणि डॉक्टर मूळ बियांकडे वळले. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या बियांच्या उपचारावरील निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला. १९९५ साली साठ रोग्यांवरील पाहणी आली. आणि २००४ साली लंडनमध्ये आठ रोग्यांवर काटेकोर तुलना झाली, तीत बियांच्या चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला व अधिक टिकला. आठ ही संख्या लहान आहे, हे विसरू नये.

हे सर्व आम्ही ग्रंथालयात बसून का शोधीत होतो, ते आता सांगावयास हवे. आमच्या वसाहतीत एक निवृत्त अधीक्षक राहतात. आम्ही सारे त्यांस नाना म्हणतो. त्यांच्या अक्षराची कचेरीत आख्यायिका होती. टिपणीवरील त्यांची सही म्हणजे तांब्यावर कोरलेली वाटे. पाच वर्षांपूर्वी उजवा हात कापू लागला, अक्षर मुंगीएवढे झाले, आणि एका नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावरील सही जुळत नाही म्हणून कागद परत आला. नाना बोलले नाहीत. काकूंनी डोळ्यांस पदर लावला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी बराच उतार पडला होता. तथापि कोणीतरी काकूंस केवाँचबीजाचे माहात्म्य सांगितले, आणि आम्हीच, होय आम्हीच, पुढल्या खेपेस कुंडमहून अर्धा शेर बी आणून दिले.

म्हातारीने आम्हांस रीत नीट सांगितली होती: बी दुधात उकळावे, साल काढावी, ‘और वो दूध फेंक देना’. आम्ही ती काकूंस सांगितली. पण मराठी गृहिणी दूध मोरीत ओतील, ही कल्पनाच आम्ही करावयास नको होती. ‘एवढे कसदार दूध कोण टाकतो?’ असे म्हणून त्या ते रोज नानांस पाजीत, वर त्याच बियांचे चूर्ण देत, आणि गोळ्याही चालूच होत्या. आठ दिवस हात थांबला. घरात पेढे वाटले गेले. नवव्या दिवशी अन्न ठरेना, आणि मान व खांदे आपोआप पिळवटू लागले. डॉक्टरांनी सर्व ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, ‘काकू, एकच औषध तुम्ही दोन दुकानांतून घेत होतात.’ बी बंद झाले, गोळ्यांची मात्रा पुन्हा बसविली, नाना पूर्वपदावर आले.

त्यानंतर आमच्या वाचनात मोझांबिकची हकीकत आली. १९८९ साली तेथे अवर्षणाने व युद्धाने गांजलेल्या भागात दोनशेच्या आसपास माणसे एकाएकी भ्रमिष्ट झाली. त्यांनी खाजकुयरीचेच बी खाल्ले होते. ते पुष्कळदा उकळून पाणी फेकण्याची रीत त्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्या वर्षी पाणीच नव्हते, म्हणून शिजविलेले पाणीही ठेवले गेले. स्लीमनच्या सागरात तिवडा, तिकडे हे बी. काकूंच्या घरी तर नळाला पाणी होते, दुष्काळ नव्हता; तेथे काटकसरीने तेच केले.

ज्यांस पाककृतीविषयी कुतूहल असेल त्यांच्यासाठी वानरी गुटिकेची कृती थोडक्यात देतो. बी गाईच्या दुधात मऊ होईतो शिजवावे, साल काढून बारीक वाटावे, लहान गोळ्या करून तुपात तळाव्या, साखरेच्या पाकात घोळवून मधात ठेवाव्या. म्हणजे हे जवळजवळ गुलाबजामच होत. आमच्या जबलपुरास खोव्याच्या जिलबीचा अभिमान असल्यामुळे गोड औषध येथे सहज रुजावे. आम्ही एकदा मोजके बी घेऊन, दूध फेकून, त्या करून पाहिल्या. चव उडदाच्या वड्याची, मागून किंचित कडवट. आम्ही एकेकच खाल्ली. ज्यांच्या घरी कंपवाताच्या, रक्तदाबाच्या वा मनोविकाराच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांस विचारल्याखेरीज तिला हात लावू नये, असे आम्ही अनुभवाने सांगतो.

उरलेले बी आमच्या फडताळात बरणीत आहे. गेल्या नोव्हेंबरात नानांनी हयातीच्या दाखल्यावर आमच्यासमोर सही केली. सकाळची गोळी घेऊन पाऊण तास थांबले, घड्याळ पाहिले, मग टाक उचलला. अक्षर लहान होते, रेघ एके ठिकाणी हलली. या खेपेस कागद परत आला नाही.