एक डझन बाण

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माणसाने हातात काय धरावे याविषयी आपल्याकडे ठरलेले संकेत आहेत. जपमाळ, काठी, फार तर नातवंडाचे बोट. मी धनुष्य धरले. यात माझे कर्तृत्व काही नाही. हिला जाऊन दोन वर्षे झाली तेव्हा पोर्टस्मथजवळ राहणाऱ्या आमच्या मुलीने "एकटे बसून काय करता तिथे, इकडे या," म्हणून तिकीट पाठवले आणि मी एप्रिलात इंग्लंडात येऊन एकटाच बसू लागलो. महिनाभर मी खिडकीतून बसगाड्या मोजल्या. मग एके दिवशी मुलीने मला न विचारता गावच्या तिरंदाजी क्लबात माझे नाव घातले. न विचारता करण्याची ही पद्धत तिच्या आईची.

धनुर्विद्येचा माझा पूर्वानुभव म्हणजे लहानपणचा. तेव्हाही बाणांचे दोन पंथ होते. जुन्या मताचे लोक खराट्याचा हीर वापरत आणि सुधारक छत्रीची काडी. मी सुधारक होतो. आजोबांच्या छत्रीचे दोन बाण झाल्यावर उरलेली छत्री आजोबांनी माझ्यावरच वापरली आणि सुधारणेवरचा माझा विश्वास जो उडाला तो उडालाच.

क्लबात सहा रविवार शिकवणी झाली. उसने धनुष्य, उसने अ‍ॅल्युमिनियमचे बाण आणि वीस यार्डांवर ते रंगीत चक्र. 'सुटलेला बाण परत येत नाही' असे ज्याने म्हटले तो क्लबात कधी गेला नसावा. इथे सुटलेला प्रत्येक बाण स्वतः चालत जाऊन परत आणावा लागतो आणि माझे तर आधी गवतात शोधावे लागत. सातव्या रविवारी क्लबातले एक वृद्ध सभासद माझ्याजवळ आले. वय ऐंशीच्या पलीकडे, हात मात्र सुताराचे. सबंध लाकडाचे, माणसाच्या उंचीचे जुन्या पद्धतीचे इंग्लिश धनुष्य त्यांनी माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "हे वापरा. पण बाण स्वतःचे घ्या. बाण आणि दात उसने घेऊ नयेत."

आता बाण कशाचे घ्यायचे हा प्रश्न आला.

आमचे जावई इंजिनियर आहेत. त्यांनी रात्री जेवणानंतर संगणकावर तक्ताच काढून दाखवला. "बाबा, कार्बनचे घ्या. इंचाच्या काही हजारांश भागापर्यंत सरळ. बाराच्या बारा एका वजनाचे. पावसात वाकत नाहीत. आज मागवले की परवा दारात."

"आणि लाकडाचे?"

"लाकडाचे कोणीतरी हाताने करणार. सहा आठवडे सांगतात."

तो १० जुलै होता. माझे परतीचे तिकीट १६ ऑगस्टचे. हिशेब मी मनात केला. मुलीनेही केला असावा, कारण ती एकदम ओट्याकडे वळून धुतलेली पातेली पुन्हा धुऊ लागली.

मी सरकारी भांडारात बत्तीस वर्षे काढली आहेत. कुठलीही खरेदी मागची फाईल पाहिल्याशिवाय करायची नाही हा माझा धर्म. या खरेदीची मागची फाईल पोर्टस्मथलाच निघाली, आणि तीही समुद्राच्या तळातून काढलेली.

इंग्लंडात १५४५ साली रॉजर अ‍ॅस्कम नावाच्या केंब्रिजच्या पंडिताने धनुर्विद्येवर 'टॉक्सोफिलस' हे पुस्तक लिहिले आणि आठव्या हेन्रीला अर्पण केले. राजा खूश झाला, पंडिताला वर्षाला १० पौंडांचे वेतन लागू झाले. (पुढे हेच गृहस्थ राजकन्या एलिझाबेथचे मास्तर झाले. म्हणजे बाण बरोबर लागला.) या पुस्तकात त्यांनी बाणाला चालणारी १५ लाकडे मोजली आहेत. मुलगी पाहायला गेलेल्या आत्याबाईंप्रमाणे एकेकीत खोट काढली आहे. कुठले फार जड, कुठले फार हलके, कुठले पोकळ मनाचे. शेवटी सैन्यासाठी त्यांनी कौल दिला तो अ‍ॅश या लाकडाला. वेगही आहे आणि वजनामुळे घावही जबर बसतो. आणि लोक हल्ली त्याऐवजी अ‍ॅस्पेनचे बाण करतात याबद्दल त्यांनी तक्रार नोंदवली आहे.

त्याच वर्षी, १९ जुलै १५४५ रोजी, 'मेरी रोझ' ही हेन्रीची युद्धनौका पोर्टस्मथच्या समोर, फ्रेंचांशी लढाई चालू असताना, राजाच्या डोळ्यांदेखत बुडाली. ती ऑक्टोबर १९८२ मध्ये वर काढली. चारशे सदतीस वर्षे चिखलाने तिचे सामान असे सांभाळले होते की आमच्या भांडारातही एवढे सांभाळले गेले नसते. १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण! पेट्यांत रचलेले. काही बाण तर कातड्याच्या चकतीच्या २४ भोकांत एकेक खोवलेले, कारण २४ बाणांची एक जुडी धरत. पिसे एकमेकांना घासून बिघडू नयेत म्हणून ही व्यवस्था. ज्या कुणा भांडारपालाने ती लावली त्याला मी संग्रहालयात काचेबाहेरून नमस्कार केला. शेजारच्या बाईंना मी धनुष्यांना नमस्कार करतो आहे असे वाटून त्यांनी आदराने वाट दिली.

आणि ते बाण कशाचे होते? पाटी वाचून मी मोठ्याने हसलो. अ‍ॅश थोडे, बीच थोडे, पण बहुसंख्य पॉप्लरचे! म्हणजे अ‍ॅस्पेनच्याच घराण्यातले लाकूड. राजगुरू म्हणतात अ‍ॅश घ्या, राजा ग्रंथाला पेन्शन देतो आणि राजाच्या गलबतावर मात्र नेमका तोच माल चढतो ज्याबद्दल ग्रंथात तक्रार आहे! तज्ज्ञांचा अहवाल एकीकडे आणि खरेदी दुसरीकडे ही परंपरा आमच्याच खात्यात सुरू झाली अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली.

पण भांडारपालाच्या बाजूने मला बोललेच पाहिजे. ते झाड भराभर वाढते, लाकूड हलके आणि कापायला सोपे, आणि राजाला बाण हवे असतात ते लाखांनी. ग्रंथकाराला एक बाण उत्तम हवा असतो, भांडारपालाला एक लाख बाण बरे हवे असतात. या लाकडाची ओढाताण तर आधीपासूनच होती. लाकडी तळाचे जोडे करणारे कारागीर अ‍ॅस्पेन वापरून टाकतात म्हणून १४१६ साली कायद्याने त्यांना त्या लाकडाची बंदी झाली. बाणाला निरुपयोगी असलेले लाकूड तरी आम्हाला द्या, हे गाऱ्हाणे मान्य व्हायला १४६४ साल उजाडले. अठ्ठेचाळीस वर्षे! फाईल कुठे अडकली असेल ते मी डोळे मिटून सांगू शकतो. १४१७ साली तर पाचव्या हेन्रीने प्रत्येक हंसिणीमागे पंखांची सहा पिसे बाणांसाठी वसूल करायचा हुकूम काढला. हंसिणींचे गाऱ्हाणे कुणी नोंदवल्याचे दिसत नाही.

लाकडाचे राज्य मोडले अमेरिकेत. डग ईस्टन नावाचा तरुण १९२२ पासून देवदाराच्या जातीच्या लाकडाचे उत्तम बाण करून विकत असे. पण दोन काड्या कधी तंतोतंत सारख्या निघत नाहीत, या लाकडाच्या लहरीपणाला तो कंटाळला आणि १९३९ साली त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे बाण केले. १९४१ साली लॅरी ह्यूज याने ते वापरून अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. मग काय, विषय संपला. पुढे कार्बन आला. आज ऑलिंपिकमध्ये लाकडी बाण घेऊन कुणी गेला तर त्याला प्रेक्षक समजतील.

जावयांना मी हे सांगितले तेव्हा ते विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा बाबा! नव्या जमान्याचा बाण धातूचाच."

"नवा कसला?" मी म्हटले. "कौटिल्याने अर्थशास्त्रात बाणांची यादी दिली आहे. वेळूचा, शराच्या गवताचा, आणि नाराच, म्हणजे सबंध लोखंडाचा. टोके लोखंडाची, हाडाची, लाकडाची. आणि ही यादी कुठल्या प्रकरणात आहे माहीत आहे? आयुधागाराध्यक्षाच्या. म्हणजे भांडारपालाच्या!"

त्यांनी ते मान्य केले. पण तक्ता मिटला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. परसात लाकडी खोपटे, आत गोळ्यांची बरणी, पिसांचा पुडा आणि दोरीने बांधलेल्या काड्या. ऑरेगॉनकडचे पोर्ट ऑर्फर्ड सीडर. एक मोडकी काडी त्यांनी माझ्या नाकापाशी धरली. चक्क आल्यासारखा वास! मोडतानासुद्धा सुवास देणारी वस्तू कार्बनवाल्यांच्या तक्त्यात नव्हती.

मग त्यांनी मला बाणाची खरी परीक्षा दाखवली. बाण धनुष्याच्या मधून जात नाही, कडेने जातो, कारण मध्ये धनुष्याचा दांडा असतो. म्हणून सुटताक्षणी तो वाकतो, दांड्याला वळसा घालतो, परत उलटा वाकतो आणि मग सरळ होतो. याला एल्मर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तिरंदाजाचा विरोधाभास असे नाव दिले आणि १९३०च्या दशकात हिकमन या शास्त्रज्ञाने वेगवान चित्रीकरण करून तो डोळ्यांना दाखवला. तेव्हा बाण सरळ असून भागत नाही, त्याला बेताने वाकता यावे लागते. उजव्या हाताच्या माणसाचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचीक उजवीकडे. (माझ्या ओळखीचे तीन मुख्य अभियंते पहिल्या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारात मी.) काडी २६ इंच अंतराच्या दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध दोन पौंडांचे वजन टांगायचे आणि किती लवते ते पाहायचे. २६ला त्या इंचांनी भागले की काडी किती पौंडांच्या धनुष्याची ते कळते. माझे धनुष्य ३५ पौंडांचे. मेरी रोझवरची शंभराच्या पुढची होती, पण ते लोक भांडारात नव्हते.

मग वजन. तेही ग्रेनमध्ये, म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याने. शंभर काड्यांतून ते गृहस्थ एकमेकींशी पटेल अशा बारा काढतात. पिसे चिकटवताना तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची. प्लॅस्टिकची पाती या धनुष्यावर चालत नाहीत, कारण बाण हातावरूनच जातो. पीस दांड्याला घासले की दुमडते, प्लॅस्टिक अडते आणि हाताचा चावा घेते.

"एवढे करून बाराही सारखे होतात?" मी विचारले.

"छे! स्पर्धेत या धनुष्याला लाकडी बाण आणि खरी पिसेच लागतात हा नियम आहे, म्हणून नव्हे, पण मला विचाराल तर बारा सारखे होऊच नयेत. एक-दोन नाठाळ निघतात. त्यांच्यावर आकडे घालायचे आणि कोण कुठे जातो ते लक्षात ठेवायचे."

आमच्याकडे स्टीलचे बारा पेले आहेत. कर्मचारी सोसायटीत घेतलेले, एका साच्याचे. मी भांडारपाल, माझ्या दृष्टीने ते 'पेले, नग बारा'. ही मात्र त्यातला कुठला बुडाशी डगमगतो ते न बघता सांगायची, आणि तो नेहमी माझ्या वाट्याला यायचा, कारण पाहुण्यांपुढे सांडायला नको. ती गेल्यावर मी बारा पेले ओट्यावर मांडून तो डगमगणारा शोधायचा प्रयत्न केला होता. बाराही डगमगत होते. ओटाच वाकडा होता की काय कोण जाणे.

"करा लाकडाचे," मी म्हणालो.

"सहा आठवडे लागतील."

"लागू देत."

घरी येऊन मी हे सांगितल्यावर मुलगी काही बोलली नाही. रात्री तिने विचारले, "बाबा, मग तिकीट सप्टेंबरच्या शेवटचं करू? व्हिसा ऑक्टोबरपर्यंत आहे तुमचा." जावयांनी तक्ता मिटला आणि काडीवर टांगायला दोन पौंडांचे वजन घरात कुठे आहे ते शोधायला गेले.

बाण सहा नव्हे, साडेसात आठवड्यांनी आले. त्यातला सातवा डावीकडे जातो. पाचवा पहिल्याच दिवशी चक्राच्या लाकडी चौकटीवर आपटून मोडला आणि दोन दिवस गाडीत आल्याचा वास येत होता. प्रत्येक फेरीनंतर बाण कानाशी धरून हलकेच वाकवून पाहतो. करकरला तर बाद, नाहीतर सुटताना मोडून हातात घुसतो. कार्बनलाही तशीच चिरफळी असते म्हणतात, मात्र ती दिसत नाही.

सप्टेंबरात क्लबाची लहानशी स्पर्धा झाली. बाणावर मालकाची आद्याक्षरे हवीत असा नियम. मी आदल्या रात्री बारीक कुंचल्याने अकराही बाणांवर ती घातली होती, पेल्यांवर आहेत तशीच, देवनागरीत. पंचांनी माझा सातवा बाण उजेडात धरला, इकडून तिकडून फिरवला.

"ही अक्षरे तुमची?"

"घरची," मी म्हणालो.

त्यांनी वहीत खूण केली आणि पुढच्या माणसाकडे वळले.